म्हातारे, भात शिजलाय

१

पडके दगड बघायला माणसं गाड्या करून जातात, टोप्या घालून जातात, पाण्याच्या बाटल्या काखेत मारून जातात. मला या प्रकाराची पहिल्यापासून शिसारी आहे. आमच्या गावात विहीर खणायला घ्या, दोन हातांवर कोरीव दगड लागतो. एखाद्यावर बाईचा हात असतो, एखाद्यावर नुसतंच नाक. असा एक चौकोनी धोंडा माझ्या अंगणात बापाच्या आधीपासून पडून आहे. त्यावर मी जन्मभर कोयते घासले. त्याचा फोटो काढायला कुणी आलं नाही.

मी ताडावर चढणारा माणूस. पहाटे चढायचं, बांबूचे नळे रसानं भरून उतरायचं, आणि बायकोनं तो रस कढईत आटवून गूळ करायचा. गुडघे गेले तेव्हा चढणं सुटलं. ताडाच्या शेंड्यावरून ते देऊळ रोज दिसायचं. रानातला काळा ढीग, त्यावर भलंमोठं झाड बसलेलं, खुडूक कोंबडी बसते तसं. गावात त्याला नुसतं म्हातारं देऊळ म्हणतात. हाकेच्या अंतरावर म्हणावं असं. तरी मी कधी गेलो नाही. माझं काही काम नव्हतं तिथं.

माझा जावई सारेत. मोटारसायकलीला छपराची गाडी जोडून गोऱ्यांना देवळं दाखवत फिरतो. दिवसभर दात दाखवून दाखवून त्याचा जबडा तसाच राहिलाय, घरी आला तरी मिटत नाही. चेत महिन्यात नव्या वर्षाच्या सुट्टीला गिऱ्हाईक नव्हतं, तर याच्या डोक्यात किडा वळवळला.

"बाबा, सगळं जग ते देऊळ बघायला येतं. तुम्ही इथं राहून बघितलं नाही?"

"जग मूर्ख आहे. मसणवटाही जवळच आहे. तिथं जायची तरी कुठं घाई केली मी?"

"त्याला काय विचारतोस?" बायको चुलीपाशी बसून मिरची चावत म्हणाली. ती भाताबरोबर मिरची अशी खायची जशी पोरं ऊस खातात. "त्या माकडानं ताडाच्या बुंध्याशिवाय काही बघितलंय का जन्मात? शेपटीला धरून टाक गाडीत."

माझी मुलगी थिदा हसली. सारेत तर हसतच होता.

बायकोचं हे असं. सकाळी कोंबड्याच्या आधी तिची पहिली शिवी ऐकू यायची. मला, कोंबड्याला, चुलीच्या धुराला, शेजारणीला. पण एक शिवी दुसऱ्यांदा वापरली असं कधी झालं नाही. एवढी अक्कल आमच्या सरपंचाला असती तर रस्ता झाला असता.

२

देवळात नव्या वर्षाची जत्राच होती. शहरातून आलेल्या पोरी खांबाला टेकून ओठ पुढं काढून फोटो काढत होत्या. गोरे लोक घामानं उकडलेल्या डुकरासारखे लाल झाले होते आणि मान वर करून "ओ, ओ" करत होते. एक टोपीवाला गाईड सगळ्यांना ओरडून सांगत होता, "हे देऊळ राजानं आपल्या आईसाठी बांधलं."

"एकट्यानं?" मी विचारलं.

तो थांबला. "काय, आजोबा?"

"राजानं बांधलं म्हणतोस. धोंडे कुणी वाहिले?"

"ते लिहिलेलं नाही, आजोबा."

"मग गप बस."

बायकोनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "तुला इथं बोलायला आणलंय का? बघ मुकाट. तुझ्यापेक्षा जुनं पहिल्यांदाच बघतोयस काहीतरी."

गाईडनं मग सगळ्यांना एका उंच, अरुंद खोलीत नेलं. वर छत नव्हतं, नुसती भिंत निमुळती होत गेलेली आणि टोकाला आभाळाचं एक बोट. आत ओल होती, वटवाघळांच्या शिटेचा वास होता. तो म्हणाला, "इथली गंमत बघा. टाळी वाजवा, आवाज घुमत नाही. ओरडा, घुमत नाही. पण भिंतीला पाठ लावा आणि छातीवर मूठ मारा."

कुणीतरी गोऱ्यानं मारली. धम्म. सगळी खोली आतून वाजली, ढोलात बसल्यासारखी. लोकांना केवढा आनंद. माणसाला स्वतःची छाती बडवून आनंद होतो हे मी त्या दिवशी बघितलं.

सगळे पुढं गेले तरी बायको तिथंच. तिनंही भिंतीला पाठ लावली, मूठ मारली. धम्म. हसली. पुन्हा मारली. धम्म. मग तिनं हात खाली घेतला, पदर सारखा केला, आणि मला म्हणाली, "तू मार की. आत काही आहे का तेवढं तरी कळेल."

धम्म.

तिचा हात पदरावर होता. मी बघत होतो. माझा हात काठीवर होता. म्हटलं, म्हातारपणी कान वाजतात. ढोल थांबल्यावर सुद्धा थोडा वेळ वाजतो म्हणतात तसं असेल.

ती हसायची थांबली होती. खोलीच्या मागं एक दार होतं, त्यामागं दुसरं, त्यामागं तिसरं, एकात एक बसवल्यासारखी, आणि शेवटच्यात अंधार. "आत कुणीतरी खोकलं," ती म्हणाली.

"वटवाघूळ."

"वटवाघूळ खोकतं का रे, घोरपडीच्या पोटच्या? बाई आहे कुणीतरी. पडली असेल, बघते." आणि गेली.

मी उभा राहिलो. विडी ओढली. विडी संपली. शिव्या द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात ती बाहेर आली, हळूहळू, पाण्यातून चालल्यासारखी.

"काय होतं?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघून पुढं चालायला लागली. मी तिला प्रश्न विचारला आणि शिवी आली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

३

मग ती बोललीच नाही. बसवलं तिथं बसायची. घास दिला तर चावायची, नाही दिला तर नाही. कोंबडा सकाळी बिनशिवीचा आरवायला लागला आणि मला झोपेतून उठल्यासारखंच वाटेना.

थिदा म्हणाली, ऊन लागलं. दवाखान्यातल्या नर्सनं मिठाच्या पाण्याची पुडी दिली आणि तेच सांगितलं. मग शेजारणींनी फेंगला आणलं. फेंग म्हणजे विहारातले विधी करणारा. लग्न असो, मयत असो, याचं लक्ष कोंबडीच्या तंगडीवर. मंत्र म्हणता म्हणता झोपतो आणि जागा झाला की मधूनच पुढं सुरू करतो. देवालाही फरक कळत नसावा.

त्यानं तिचे डोळे उघडून बघितले आणि ढेकर दिला. "माणसात एकोणीस प्राण असतात. घाबरलं की त्यातले काही जागच्या जागी राहतात. हिचे तिकडं राहिलेत."

"आणि तुझे? तुझे सगळे पोटात आहेत वाटतं."

"चेष्टा कर. जिथं राहिलेत तिथं जाऊन बोलवावं लागेल. घरच्याच माणसानं. तुझी बायको आहे, तूच बोलव. मी काही तिचा नवरा नाही."

"सुटलास."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण नुसतं बसून तिचं ते तोंड बघण्यापेक्षा दगडांपुढं ओरडणं बरं. आम्ही सकाळी गेलो. सारेतनं गाडी देवळापासून लांब उभी केली. फेंगच्या हातात बायका मासे उपसायला वापरतात ती बांबूची परडी, त्यात तिचं लुगडं, उकडलेलं अंडं, भाताची मूद, केळी. केळी वाटेत कमी झाली, ते मी बघितलं.

त्या एकात एक दारांपाशी फेंग उभा राहिला आणि परडी जमिनीवरून फिरवायला लागला, कोरड्या फरशीवर मासे धरत असल्यासारखी. "बोलव. नाव घे आणि घरी ये म्हण. जेवण तयार आहे म्हण."

नाव. आता आमच्यात पोरं झाली की नवरा-बायको नावं विसरतात. आधी ती 'पोरीची आई' होती. थिदाला मूल झाल्यावर 'म्हातारे' झाली. मी 'म्हाताऱ्या' झालो, किंवा ताड, घोरपड, माकड जे त्या दिवशी सुचेल ते. गावात विचारा, साठी उलटलेल्या कुठल्या माणसानं बायकोचं नाव घेतलंय? लोक म्हणतील याला लाज नाही. फेंगसमोर, सारेत ऐकेल असं, मी नाव घेऊन बोंबलू?

"माझ्या घरी एकच म्हातारी आहे," मी म्हटलं, "तिला कळेल." आणि तोंडाशी हात धरून ओरडलो, "म्हातारे! चल घरी! भात शिजलाय!"

गाईड खोटं बोलला नव्हता. ओरडलेलं घुमलं नाही. कापसात सुई जावी तसा आवाज आत गेला. मग आत खूप खोल काहीतरी सरकलं. जड वस्तू खाली ठेवताना होतो तसा आवाज. मग पावलं. किंवा पाणी गळत असेल.

"झालं," फेंग म्हणाला आणि परडीवर फडकं टाकलं. "आता मागं बघायचं नाही."

परतताना तो परडी या हातातून त्या हातात घेत होता.

"काय रे, अंडं जड झालं?"

 गाडीत बसल्यावर त्यानं परडी मांडीवर घेतली नाही, खाली ठेवली, आणि पाय वर घेतले.

४

घरी थिदानं जिन्याच्या वरून रिवाजाप्रमाणं विचारलं, "आली का?" फेंगनं म्हटलं, "आली." बायकोच्या मनगटाला सुताचा दोरा बांधला. दोरा बांधता बांधता तिनं डोळे वर केले, हात जोडले आणि उठली.

थिदा रडली. सारेत हसला. फेंगनं कोंबडी खाल्ली.

मी भात वाढला, त्यावर आंबवलेल्या माशाचा प्राहोक, शेजारी मूठभर मिरच्या. तिनं एक मिरची उचलली. उलटसुलट करून बघितली. देठाकडून चावली. मग तिचे डोळे एवढे मोठे झाले, ती जीभ बाहेर काढून हातानं पुसायला लागली, तोंडात विंचू गेल्यासारखी. घरात सगळे हसले.

"आजारानं तोंड आलं असेल," थिदा म्हणाली.

मी हसलो नाही. या बाईनं थिदाच्या वेळी कळा येत असताना मिरची मागितली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती राबायला लागली. म्हणजे कशी, तर कुणी न सांगता. झाडायची, पाणी भरायची, गिरणीतून कांडून आणलेला तांदूळ पुन्हा उखळात घालून कांडायची. सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवायची, पानावर, अंगणाच्या कडेला, आणि आधी कुत्र्याकडं बघायची, त्याचं झालंय का म्हणून. आमची घरं उंच खांबांवर उभी असतात, पण ती रात्री वर यायची नाही. खांबांच्या मध्ये, घराखाली, उघड्या मातीवर निजायची. थिदानं चटई दिली तर घडी घालून उशाला ठेवली, वापरली नाही.

आणि जो तो खूष. शेजारीण म्हणाली, "म्हातारीच्या तोंडाला आता कुठं लगाम लागला." सारेत म्हणाला, "आई सोनं झाली बघा. माझ्या आईला पण घेऊन जातो त्या देवळात."

"जा. तू पण आत जा आणि तिथंच राहा."

मुलगी सुद्धा! एक दिवस म्हणाली, "बाबा, आता तरी तुम्ही सुखात आहात ना? आई तुम्हाला एका शब्दानं बोलत नाही." लोकांना शांत बाई दिली की ती कोण आहे हे विचारत नाहीत. गाय चांगली दूध देते ना, मग झालं.

मी मुद्दाम डिवचून बघितलं. भाताचं भांडं लाथाडलं आणि म्हटलं, "काय शिजवलंयस हे, डुकरीण?" खरी असती तर तेच भांडं माझ्या डोक्यात बसलं असतं. हिनं कपाळ जमिनीला टेकवलं. आणि वर उचललंच नाही. मी "ऊठ" म्हणेपर्यंत.

 मग मी स्वतःला समजावलं, की ताप डोक्यात गेला असेल, की म्हातारपणी काहींचं असं होतं, की माझ्या चुलत्याला सुद्धा शेवटी सगळे परके वाटायचे. तर्क काय, बसून केला की कुठलाही जमतो. पण चुलता कपाळ टेकवत नव्हता. तो चावायचा.

५

एका दुपारी थिदा बाजारात गेली होती. मी झोळीत पडलो होतो. ऊन असं की कोंबड्याही चोच वासून सावलीत बसलेल्या. अंगणातून घसरल्याचा आवाज आला. डोळे उघडले.

तो चौकोनी धोंडा तिच्या खांद्यावर होता.

तो आम्ही एकदा हलवायचा म्हणून चार माणसं लावली होती आणि एकाची पाठ धरली होती. माझी बायको सत्तरीची, डाव्या खुब्यात वात. ती त्या धोंड्याखाली वाकून उभी होती, पाय फाकवून, गुडघे जरा मोडून, मान एका बाजूला काढून. जन्मभर तेच केल्यासारखी. श्वाससुद्धा मोठा नव्हता. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या पायांकडं बघत होती.

"कुठं ठेवू?" ती म्हणाली.

आवाज बायकोचाच. पण शब्द जुनाट, विहारातल्या म्हाताऱ्या भिक्खूंच्या पोथीतल्यासारखे, निम्मे कळावे निम्मे नाही असे.

"ठेव. ठेव खाली."

तिनं ठेवला. कोंबडीचं पिल्लू ठेवावं तसा, आवाज न करता. त्यावर कोरलेला बाईचा हात वर आला होता. तो धुळीनं भरला होता तर तिनं पदरानं पुसला.

 मी विचारलं. "कोण तू?"

"म्हातारी," ती म्हणाली.

"कुठली?"

तिला प्रश्न कळला नसावा. थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "तुम्ही बोलावलंत ना. म्हातारे चल घरी म्हणालात. भात शिजलाय म्हणालात." आणि पहिल्यांदा वर बघितलं. डोळे बायकोचेच होते, पण आतून कुणीतरी दुसरं दाराच्या फटीतून बघावं तसं बघत होतं. "तिथं खूप म्हाताऱ्या आहेत. मी दाराच्या जवळ होते."

मी झोळीतून पाय खाली टाकले. 

"घरी चल असं कुणी म्हणालं नव्हतं," ती म्हणाली, आणि उखळाकडं गेली.

६

फेंग जेवत होता. तो कधीही जा, जेवतच असतो. मी सांगितलं तसा त्याचा घास हातात राहिला. हे मी प्रथमच बघितलं.

"नाव नाही घेतलंस?"

"तू तिथंच होतास ना? तुझे कान काय केळी खात होते?"

"मला वाटलं तुझ्यात तेवढी तरी अक्कल असेल, गाढवा! म्हातारे म्हणून ओरडलास? म्हाताऱ्या देवळात? तू बाजारात जाऊन 'ए माणसा' म्हणून हाक मारतोस का?"

"परडी तुझ्या हातात होती. जड लागली तेव्हा का नाही बोललास?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाला, "भीती वाटली."

"मग आता काढ तिला."

"काढू कशी? भूत लागलं असतं तर काढलं असतं. आपण बोलावलंय. जेवायला बोलावलंय. बोलावलेल्याला हाकलायचा मंत्र नाही माझ्याकडं." त्यानं हात धुतला, ताटात अर्धा भात असताना. "तिला घेऊन जा. तुझ्या बायकोचं नाव घेऊन हाक मार. मग काय होतं ते होईल. मी येत नाही."

"विधी करणारा म्हणवतोस."

"मी लग्नं लावतो, न्येम," तो चक्क माझं नाव घेऊन म्हणाला. "मला तिकडं नेऊ नकोस."

निघताना त्यानं मागून विचारलं, "नाव आठवतंय ना?"

भडकलो मी त्याच्यावर. वाटेत म्हणून बघितलं. जीभ वळेना. माझ्या तोंडात ते नाव थिदा व्हायच्या आधी शेवटचं होतं, तेव्हा तोंडात दात होते.

७

सारेतला सांगितलं, नवस फेडायचाय. तो बाहेर गाडीतच झोळी बांधून पडला. टळटळीत दुपार, गोरे लोक आपापल्या हॉटेलात गारव्याला पडले होते. देवळात कुणी नव्हतं. ती माझ्यामागं दोन पावलं अंतर ठेवून चालत होती. कुठं चाललोय हे तिनं विचारलं नाही. पण देवळाचा पहिला उंबरा दिसला तसा तिचा श्वास ऐकू यायला लागला.

त्या उंच खोलीत थांबलो. समोर दारांमागं दारं.

"चान्थू," मी म्हटलं.

नीट निघालं नाही. घसा साफ केला. "चान्थू! ए चान्थू! घरी चल!"

पुन्हा तो कापूस. मग आतून, खूप लांबून, दमलेल्या आवाजात:

"कोण बोंबलतंय? तूच ना रे, सडक्या ताडाच्या सोटा? किती दिवस लावलेस? पाठ मोडली माझी इथं! ये म्हणतोयस, कशी येऊ, हातातलं खाली ठेवू देतात का मेले?"

मी भिंत धरली. जन्मात कुठलं गाणं एवढं गोड लागलं नव्हतं. "टाक ते हातातलं! मोठे राजे लागून गेले, टाक त्यांच्या पायावर!"

"टाकता येत नाही." आवाज एकदम बारीक झाला. "दुसरं कुणी घेतलं तरच सोडतात."

माझ्या मागं कपड्याची सळसळ झाली. ती खाली बसली होती. माझा घोटा तिनं दोन्ही हातांनी धरला होता. घट्ट नाही. तापलेलं भांडं बोटांनी चाचपावं तसा. काही मागितलं नाही तिनं. मागायचं असतं हे तिला ठाऊक नसावं. नुसती वर बघत होती, बायकोच्या तोंडानं.

"जाऊ?" तिनं विचारलं.

मी जगात बऱ्याच लोकांना नालायक म्हटलंय. सरपंचाला, जावयाला, ते दगड रचून घेणाऱ्या राजांना. तिला मी एवढंच म्हणालो असतो की थांब, बघू काहीतरी, तर निदान त्या यादीतून मी बाहेर राहिलो असतो. पण आतून चान्थू खोकली. कोरडा, धुळीचा खोकला.

"जा," मी म्हटलं.

ती लगेच उठली. हुकूम झाला की उठायचं. हात जोडले, आणि पहिल्या दारातून गेली, दुसऱ्यातून गेली, तिथून पुढं मला नुसती पाठ दिसत होती, मग पाठीचा अंदाज.

तिथं, तिसऱ्या दारात, दोघी दिसल्या. एक येत होती, एक जात होती. पाणवठ्याच्या अरुंद वाटेवर बाया एकमेकींना जागा देतात, तशा दोघी अंग चोरून उभ्या राहिल्या. येणारीच्या खांद्यावर काहीतरी मोठं, चौकोनी होतं. जाणारीनं मान एका बाजूला काढली, गुडघे जरा मोडले, आणि ते आपल्या खांद्यावर घेतलं. त्याआधी तिनं येणारीचा खांदा चोळून दिला. एकदाच, झटकन, कुणी बघायच्या आत.

त्या दोघींच्या मागं अंधारात एक रांग होती. मी नीट बघितली नाही. रांगेच्या कडेला जे उभं होतं, ते तर मुळीच बघितलं नाही. मी मान खाली घातली ती चान्थूच्या पावलांचा आवाज माझ्याजवळ येईपर्यंत वर केली नाही. डावा पाय ओढत यायची ती. वाताचा पाय. तीच होती.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. मी शिवीची वाट बघत होतो. लोक पावसाची बघतात तशी. सारेत म्हणाला, "आई, बरं वाटलं का देवळात?" तिनं त्याच्याकडं बघितलं आणि पटकन नजर खाली केली.

"तिला तू पाठवलंस?" गावाच्या जवळ आल्यावर तिनं मला विचारलं. दुसरीकडं बघत.

"हो."

"तिचं नाव विचारलंस?"

"नाही."

"मी विचारलं," ती म्हणाली. "तिकडं सगळ्यांनाच विचारलं." पुढं बोलली नाही. मीही तिला आजवर विचारलेलं नाही, की काय सांगितलं त्यांनी.

घर आलं. थिदा भाजी चिरत होती, तिनं मान सुद्धा वर केली नाही. मी जिना चढलो, वर जाऊन बसलो, पाणी प्यालो. मागं पावलं आली नाहीत.

वाकून बघितलं. ती जिन्याच्या तळाशी उभी होती, हात पोटाशी धरून, पहिल्या पायरीच्या अलीकडं. हा जिना तिनं तिच्या बापाकडून लाकूड आणून माझ्याकडून भांडून करून घेतलाय. पाय टाकायला कुणाला विचारायचं असतं?

"चान्थू," मी म्हटलं, "वर ये."

ती लगेच चढायला लागली. एका हाकेत. नजर माझ्या पायांवर.

"थांब," मी म्हटलं.

थांबली. एक पाय पायरीवर, एक हवेत.

मग मी तोंड उघडलंच नाही. कारण आता जे म्हणेन ते ती करील. मी काठी टाकली, त्या मोडक्या गुडघ्यांवर एकेक पायरी उतरलो, आणि तिच्याजवळ जाऊन खालच्या मातीत बसलो. थोड्या वेळानं ती पण बसली. बसतानाही जरा अंतर ठेवून.

थिदा म्हणते, वर चला, डास आहेत. सारेत म्हणतो, बाबांचं डोकं फिरलं. म्हणू देत मूर्खांना. मी तिला काही सांगत नाही. ऊठ म्हणत नाही, ये म्हणत नाही, जेव म्हणत नाही. ताट दोघींच्या, आपलं, दोघांच्या मध्ये ठेवतो आणि गप्प बसतो. कधीतरी तिला स्वतःहून भूक लागेल, कधीतरी माझा राग येईल. परवा तिनं एक खडा उचलला होता. माझ्या दिशेला हात मागं नेला. मी श्वास धरून बसलो. पण मग तिनं तो इकडं तिकडं बघत हळूच खाली ठेवला, जिथं होता तिथंच, अगदी त्याच खळग्यात.